पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?

आमच्या गावच्या व्याख्यानमालेत यंदा शेवटचं पुष्प ‘कायदा आणि सुव्यवस्था’ या विषयावर होतं. वक्ते सगळी नोकरी प्रशासनात काढलेले, बोलायला नेटके, आवाज खणखणीत. तासाभराच्या भाषणात सर्वांत मोठी टाळी पडली ती एका विधानाला. या देशात मानवी हक्क आहेत ते फक्त गुन्हेगारांना, असं ते म्हणाले. ज्याच्या घरावर दरोडा पडला, जिच्यावर अत्याचार झाला, त्यांचे हक्क कुणी विचारतं का? मग त्याच ओघात पुढचं आलं. हे हक्कांचं खूळ पाश्चात्त्यांचं. त्यानं पोलिसांचे हात बांधले. कोर्टात दहा-दहा वर्षं चपला झिजवण्यापेक्षा जागच्या जागी निकाल लागलेला लोकांना आवडतो, आणि लोकशाहीत लोकांना आवडतं ते चूक कसं?

मी तिसऱ्या रांगेत होते. गेली सव्वीस वर्षं मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं चालवते; बहुतेक वेळा आरोपीतर्फे, काही वेळा मूळ फिर्यादीतर्फे सरकारी वकिलांना साहाय्य म्हणून. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या एक पक्षकार बाईही होत्या. त्यांच्या मुलाचा खून होऊन आठ वर्षं झाली, खटला अजून साक्षीदारांवर अडला आहे. त्यांनी टाळी वाजवली याचं मला नवल वाटलं नाही. त्यांचा राग खरा आहे. पण तो ज्या दिशेला वळवला जातो आहे ती दिशा चुकीची आहे, आणि त्या वाटेनं गेलं तर सर्वांत आधी नुकसान त्यांचंच होणार आहे. त्या दिवशी प्रश्नोत्तरांना वेळ उरला नव्हता. म्हणून हे लिहिते आहे.

गुन्हेगार कोण, हे ठरतं कधी? वक्त्यांच्या बोलण्यात तो आधीच ठरलेला होता. पोलिसांनी उचलला तो गुन्हेगार, आणि मग त्याला हक्क कशाला? माझ्या समोर येणारा माणूस मात्र संशयित असतो. तो गुन्हेगार निघेल, निघणारही नाही. अटक, कोठडी, रिमांड, जामीन यांचे सगळे नियम याच अधल्यामधल्या काळासाठी आहेत, जेव्हा खरं काय ते कुणालाच ठाऊक नसतं. पोलिसांना नाही, न्यायाधीशांना नाही आणि आरोपीची वकील म्हणून मलाही नाही.

जून २००३ मध्ये नाशिकला एका बागेत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा जीव गेला, अत्याचार झाले. वाचून झोप उडावी असा गुन्हा. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा जण पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. तेव्हा कुणी त्यांच्यासाठी हक्कांची भाषा केली असती, तर आमच्या सभागृहानं त्याला बोलूही दिलं नसतं. पुढे सर्वोच्च न्यायालयानं आपलाच निकाल मागे घेऊन प्रकरण नव्यानं ऐकलं आणि मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातली बरीचशी फाशीच्या सावलीत. सहांपैकी एक तर गुन्हा घडला तेव्हा अल्पवयीन होता. न्यायालयानं राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि तपासातल्या दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं.

या निकालातली एक गोष्ट मी नव्या वकिलांना नेहमी वाचून दाखवते. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेनं दोनच दिवसांनी पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. ती चारही या सहा जणांपैकी नव्हती. पोलिसांच्या दप्तरीच असलेल्या त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. म्हणजे इथे पीडितेचं म्हणणं कुणी डावललं? मानवी हक्कवाल्यांनी नव्हे. ‘आरोपी मिळाले’ म्हणून फाइल बंद करण्याच्या घाईनं डावललं. चुकीच्या माणसाला आत टाकलं की खरा माणूस बाहेर राहतो. आरोपीचा हक्क आणि पीडितेचा हक्क एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना बसलेले नसतात. तो एकच हक्क आहे, खरा तपास होण्याचा.

त्या सहा जणांची जमात भटकी होती, हे मी मुद्दाम लिहिलं. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टनं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली, त्यांची रोज हजेरी घेतली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. कागदावरून गेला. माझ्या तालुक्यात घरफोडी झाली की पहिली जीप आजही पारध्यांच्या पालांकडे वळते. ‘गुन्हेगारांना कसले हक्क’ हे वाक्य सभागृहात बसलेल्यांना तत्त्व म्हणून ऐकू येतं. पालात राहणाऱ्याला त्यात जीपचा आवाज ऐकू येतो.

आता पीडितांच्या हक्कांबद्दल, कारण टाळी त्यावर होती. २६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता गडचिरोलीत असलेलं देसाईगंज. एक आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान, घरच्या तक्रारीवरून पोलीस ठाण्यात आणली गेली होती. ती आरोपी नव्हती. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेतलं गेलं. आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा झाला. अशा खटल्यात संमती नव्हती असं स्त्रीनं सांगितलं की न्यायालयानं तसं गृहीत धरायचं, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. पीडितेचं नाव छापायला बंदी आली.

हे सगळं कुणी मिळवून दिलं? ज्यांना आज ‘गुन्हेगारांचे कैवारी’ म्हणतात, त्याच मंडळींनी. कारण त्यांनी प्रश्न विचारला होता तो ठाण्याच्या दाराआड काय होतं याचा. त्या दारातून आरोपी आत जातो, तशीच फिर्याद द्यायला आलेली मुलगीही जाते. आत काय होतं यावर बाहेरच्या कुणाची तरी नजर हवी, एवढंच मागणं. ते आरोपीसाठी सोडून दिलं तर फिर्यादीसाठी कुठून शिल्लक राहणार?

आणि पीडितांना हक्क नाहीत, हेही खरं नाही. ते आहेत, वापरू दिले जात नाहीत. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. एफआयआरची प्रत फुकट मिळाली पाहिजे. तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवलं पाहिजे, हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेलं आहे. आरोपी सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येतं, २००९ च्या दुरुस्तीपासून. आपल्या राज्यात अत्याचारग्रस्त स्त्रिया आणि मुलांसाठी मनोधैर्य योजना आहे. तरीही माझ्या ऑफिसात आठवड्याला एक तरी बाई येते जिची फिर्याद घेतलेली नसते. ‘उद्या या’, ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’, ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’. मग आम्ही कोर्टात अर्ज टाकतो; जुन्या सवयीनं अजूनही त्याला ‘एकशे छप्पन तीन’ म्हणतो, कलमाचा आकडा बदलला तरी. तिची फिर्याद न घेणारं ठाणं आणि कुणाच्या तरी पोराला चार दिवस बेकायदा बसवून ठेवणारं ठाणं एकच असतं. नोंद न करण्याची सवय एकच असते. पीडितांविषयी कळवळा असेल, तर व्याख्यानात त्या न घेतलेल्या फिर्यादींवर बोलायला हवं होतं.

नोंदीवरून आणखी एक गोष्ट सांगते. १ डिसेंबर १९८७ रोजी ओडिशात पोलिसांनी बावीस वर्षांचा एक तरुण चोरीच्या संशयावरून नेला. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वे रुळांवर सापडलं. पोलिसांचं म्हणणं, तो रात्री कोठडीतून पळाला आणि गाडीखाली आला. त्याची आई नीलाबती बेहेरा यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९९३ मध्ये न्यायालयानं पळून जाण्याची कहाणी फेटाळली आणि सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. कोठडीत माणसाचा जीव गेला तर राज्य थेट जबाबदार, सरकारी अधिकाराची ढाल तिथे चालणार नाही, हे तत्त्व त्या आईच्या पत्रामुळे आपल्या कायद्यात पक्कं झालं.

डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरच्या बसमधल्या स्फोटानंतर मूळचा परभणीचा एक तरुण संगणक अभियंता पकडला गेला. जानेवारीत पोलिसांनी सांगितलं की त्याला औरंगाबादला नेत असताना पारनेरजवळ जीप दरीत गेली आणि तो पळून गेला. सीआयडीच्या तपासातून वेगळंच पुढे आलं आणि पोलिसांवरच खुनाचा खटला उभा राहिला. त्याचा देह सापडला नाही. त्याच स्फोटाच्या खटल्यात ज्यांना आरोपी केलं होतं त्यांना २००५ मध्ये पोटा न्यायालयानं निर्दोष सोडलं. आई मात्र कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली.

नोव्हेंबर २०१७, सांगली. लुटीच्या संशयावरून धरलेला तरुण कोठडीतून पळाल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. तपासात निघालं ते असं, की मारहाणीत तो ठाण्यातच गेला होता आणि त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला होता.

तीन प्रकरणं, तीस वर्षं, दोन राज्यं आणि एकच वाक्य: आरोपी पळून गेला. मी हे कागद जवळून पाहते म्हणून सांगते, ठाण्यातली डायरी ही साधी वही नसते. कोण किती वाजता आत आला, कुणी आणला, कुणाला कळवलं, डॉक्टरकडे कधी नेलं, यातली एकेक ओळ म्हणजे एकेका जिवाचा पुरावा असतो. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्ये अटकेसाठी अकरा बंधनं घातली: नावाची पट्टी लावा, अटकेचा कागद तिथेच करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकाला कळवा, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करा. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं. यातल्या कुठल्या बंधनानं चोर पकडायला अडचण येते, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. छातीवर नावाची पट्टी लावल्यानं तपास कसा थांबतो?

‘हात बांधले’ ही तक्रार काही आजची नाही, आणि तिला सर्वांत चोख उत्तर इंग्रजांच्याच कायद्यात आहे. मद्रास इलाख्यात कबुलीसाठी होणाऱ्या छळाची चौकशी करायला इंग्रजांनी १८५४ मध्ये आयोग नेमला होता. पुढे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात त्यांनी लिहून टाकलं की पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. प्रजेवर दया म्हणून त्यांनी हे केलं असं मी समजत नाही. मारून मिळवलेल्या कबुलीवर राज्य चालवता येत नाही, एवढं त्यांना उमगलं होतं. चामड्याच्या पट्ट्याला आपल्याकडे काही ठाण्यांत ‘बाजीराव’ म्हणतात. बाजीराव अंगावर पडला की माणूस काहीही कबूल करतो. न केलेली चोरी, न पाहिलेलं हत्यार, मित्राचं नाव. आणि मग तपास तिथेच थांबतो, कारण तपासणाऱ्याला वाटतं की आपल्याला मिळालं. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं नेकीनं तपास केला असे पोलीस मी पाहिले आहेत. मोबाइलचे टॉवर, सोनाराच्या पावत्या, चपलेच्या ठशांवरून मुद्देमालापर्यंत पोचणारे. त्यांना पट्टा लागला नाही. त्यांच्या आरोपपत्रांतून आरोपी सोडवताना माझी दमछाक होते, आणि ते तसंच असायला हवं.

जागच्या जागी निकालाचा मुद्दा मला सर्वांत जड जातो, कारण त्याच्या मागे खरं दुःख आहे. खटले रखडतात. माझ्या त्या पक्षकार बाई आठ वर्षं प्रत्येक तारखेला सकाळच्या एसटीनं येतात आणि दुपारी ‘पुढची तारीख’ ऐकून जातात. पण न्याय उशिरा येतो म्हणून न्याय करायचाच नाही, याला उपाय म्हणता येईल का? ६ डिसेंबर २०१९ ला पहाटे हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, आपल्याकडेही पेढे वाटले गेले. सर्वोच्च न्यायालयानं चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष न्या. विकास सिरपूरकर, आपल्या विदर्भातले. आयोगाचा निष्कर्ष २०२२ मध्ये समोर आला. आरोपींनी पळून जाताना हल्ला केला ही पोलिसांची हकीकत विश्वासार्ह नाही, गोळीबार जीव घेण्याच्या हेतूनं केला गेला आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. त्या मुलीच्या खुनाचा खटला आता कधीच चालणार नाही. त्या रात्री नेमकं काय झालं, हेच चौघे होते का, आणखी कुणी होतं का, हे शपथेवर कधीच सांगितलं जाणार नाही. फुलं उधळणाऱ्यांना न्याय झाल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात पुरावाच संपवला गेला होता.

उशिरावर बोलायचंच, तर तुरुंगांकडेही पाहा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही असे. उशीर आरोपी आणि फिर्यादी दोघांनाही खातो. न्यायाधीशांची पदं भरा, न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे अहवाल वेळेत द्या, साक्षीदाराला समन्स बजावायला वेगळं मनुष्यबळ ठेवा. यासाठी टाळी पडू दे. माझ्या पक्षकार बाईंच्या खटल्यात गेल्या वर्षातल्या चार तारखा फक्त एका पंचाला समन्स बजावलं गेलं नाही म्हणून वाया गेल्या. त्यात आरोपीच्या मानवी हक्कांचा कुठेही संबंध नव्हता.

आणि हे खूळ पाश्चात्त्यांचं? पुण्यात प्लेगच्या काळात रँडचा खून झाला त्या साली, १८९७ मध्ये, सरदार नातू बंधूंना सरकारनं खटल्याविना अटकेत टाकलं. त्यासाठी १८२७ चं एक जुनं रेग्युलेशन बाहेर काढलं. आरोप नाही, वकील नाही, सुनावणी नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस अमरावतीला भरलेल्या काँग्रेसनं त्याचा निषेध केला. विनाचौकशी कोठडीविरुद्धची ही ओरड आपल्याच मातीतली आहे, वऱ्हाडातल्या मांडवातली. पुढे रौलट कायद्याच्या वेळी ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ ही घोषणा देशभर गेली, तीही लोकांच्या तोंडची.

१५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुद्यात १५-अ हे नवं कलम मांडलं. जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमात हवं तेवढं संरक्षण राहिलं नाही, अशी सभासदांची तक्रार होती; त्याची काहीशी भरपाई म्हणून ते आलं. अटकेची कारणं सांगायची, वकील घेऊ द्यायचा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. हे तर फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आधीपासूनच आहे, मग संविधानात कशाला, असा आक्षेप होणारच होता. त्यावर बाबासाहेबांचं उत्तर असं: साधा कायदा विधिमंडळ उद्या बदलू शकतं, संविधानात घातलं की संसद आणि विधिमंडळं दोघांच्याही अधिकाराला मर्यादा पडते. तेच आज आपलं अनुच्छेद २२ आहे. मला या मजकुरापेक्षा त्यामागचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. उद्याच्या सरकारवर, ते आपलं आवडतं असलं तरी, भरवसा टाकून हक्क मोकळे ठेवायचे नाहीत. हा हिशेब परदेशातून आलेला नाही. ज्या माणसाला सार्वजनिक तळ्याचं पाणी पिण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला आणि पुढे कोर्टात लढावं लागलं, त्याच्या अनुभवातून तो आला आहे. आणि खुद्द जागतिक जाहीरनाम्यात, १९४८ मध्ये, ‘सर्व पुरुष’ असा अर्थ होईल ते शब्द काढून ‘सर्व माणसं’ करायला लावलं ते भारताच्या हंसाबेन मेहता यांनी. आपण त्या पंगतीत वाढपी होतो. उष्ट्यावर बसलेले नव्हतो.

आणीबाणीत हाच हिशेब चुकला. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं की स्थानबद्ध माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. येरवड्यात आणि नाशिकच्या तुरुंगात तेव्हा संघाचे, समाजवादी, सगळ्या रंगांचे लोक एकत्र होते. आमच्या गावचे दोन गुरुजीही होते. त्यांना कुणी गुन्हेगार म्हणत नव्हतं, आणि कायद्यापुढे ते गुन्हेगाराहून वाईट अवस्थेत होते, कारण गुन्हेगाराला निदान खटला मिळतो. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही गोठवता येणार नाहीत असं ठरलं.

हे सगळं असूनही आपल्याकडे हक्क फार झालेत, असं जो म्हणतो त्याला मी माझ्या कपाटातल्या फायली दाखवीन. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. राष्ट्रीय आयोग त्याच वर्षी आला, आपला राज्य आयोग २००१ मध्ये कामाला लागला. पण आयोग शिफारस करतो, हुकूम करत नाही. घटनेला वर्ष उलटलं की त्याच्याकडे जाताही येत नाही. आणि मार खाऊन आलेल्या मजुराला स्वतःला सावरून अर्ज लिहून घेईपर्यंत वर्ष सहज उलटतं. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली आणि आजतागायत त्याला मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेनं छळप्रतिबंधक विधेयक मंजूर केलं, ते राज्यसभेत अडकून बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगानं पुन्हा मसुदा करून दिला. त्यालाही कायद्याचं रूप आलेलं नाही. सांगलीसारखं प्रकरण उभं राहिलं की आपल्याला खुनाची, पुरावा नष्ट करण्याची साधी कलमं लावावी लागतात. कोठडीतल्या छळाला नाव देणारा एक स्वतंत्र, पुरेसा कायदा या देशात नाही. पोलिसांचे हात बांधल्याची तक्रार ज्या देशात होते, तिथली ही स्थिती आहे.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो मी या लेखाच्या डोक्यावर लिहिला आहे. आरोपीला पहिल्यांदा कोर्टात उभं केलं की मॅजिस्ट्रेट त्याला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ पुष्कळांना वाटतं हा इंग्रजांच्या काळापासूनचा रिवाज. तसं नाही. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं फेब्रुवारी १९८३ मध्ये आदेश दिले: स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्याला महिला पोलीस, अटकेची खबर विधी साहाय्य समितीला, आणि प्रत्येक मॅजिस्ट्रेटनं समोर आणलेल्या माणसाला विचारायचं की तुला कोठडीत छळाची तक्रार आहे का. पाच स्त्रियांच्या तोंडचं दुःख असं देशातल्या प्रत्येक रिमांड कोर्टात प्रश्न होऊन पोचलं.

पण प्रश्न विचारला जातो तेव्हा आरोपीच्या कोपराला कोपर लावून हवालदार उभा असतो, ज्याच्याबरोबर त्याला परत त्याच कोठडीत जायचं असतं. पोरगं एकदा हवालदाराकडे बघतं आणि म्हणतं, ‘नाही साहेब.’ रोजनाम्यात टाइप होतं: आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. पाऊण मिनिटात उरकतं. माझ्या हिशेबी शंभरात नव्वद वेळा असंच होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात विहिरींवरच्या मोटारी चोरल्याच्या संशयावरून एका एकोणीस वर्षांच्या मुलाला आणलं. मॅजिस्ट्रेट नुकत्याच बदलून आलेल्या होत्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगा डावीकडे बघून ‘नाही’ म्हणाला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हवालदाराला बाहेर व्हरांड्यात उभं राहायला सांगितलं. शिपायाला दार लोटून घ्यायला लावलं. मग तोच प्रश्न पुन्हा विचारला, आवाज तोच. मुलगा काही बोलला नाही. कठड्याला धरून हळूच खाली बसला, कारण त्याला उभं राहता येत नव्हतं.

अटकेनंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी जखमांबरोबर त्या अंदाजे कधी झाल्या हेही लिहायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ सांगतं. त्याला त्याच दुपारी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. चार वाजता कागद आला. दोन्ही तळव्यांना सूज, वळ, दुखापती अंदाजे तीन ते चार दिवसांपूर्वीच्या. अटकेच्या कागदावर वेळ होती आदल्या दिवशी संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांची. मॅजिस्ट्रेटनी दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि तपास अधिकाऱ्याला बोलवायला सांगितलं.